आधी उचल, मग बाकीचं

सिताराम सर्वेअर कंटेनरसकट दहा फूट वर गेला, तो दिवस मंगळवार होता आणि त्याचा उपास होता. उपासाचं त्यानेच नंतर सगळ्या यार्डाला सांगितलं, जणू पोटात अन्न असतं तर तो एवढा वर गेलाच नसता.

उरणच्या बाजूला हे यार्ड. जहाजातून उतरलेले कंटेनर इथे येतात, उघडले जातात, आतला माल मोजला जातो आणि मग ज्याचा त्याच्या घरी. सिताराम त्या दिवशी एका कंटेनरच्या पोटात शिरून फरशांची खोकी मोजत होता. कान्हा काकांचं मशीन, ज्याला सगळे नुसतं स्टॅकर म्हणतात, वरून तो डबा पकडून तयार उभं होतं. पहिल्या मजल्यावरच्या काचेच्या केबिनमधून मनस्वीने वॉकीटॉकीवर स्वच्छ, सावकाश, कॉलेजात बक्षीस मिळवलेल्या उच्चारात सांगितलं, "लिफ्ट द बॉक्स आफ्टर द सर्वेअर कम्स आउट." म्हणजे सर्वेअर बाहेर आला की डबा उचला. वाक्य निर्दोष होतं. तिने खिडकीतून पाहिलं तर डबा वर चालला होता आणि सर्वेअर कुठेच दिसत नव्हता.

मग डब्यातून आवाज आला. सिताराम आधी "अरे" म्हणाला, मग तीन-चार देवांची नावं घेतली आणि देव उपलब्ध नाहीत असं दिसल्यावर कान्हा काकांचं नाव घेतलं. त्याने दारातून डोकं काढलं, खाली ट्रकचे टप पाहिले आणि डोकं परत आत घेतलं. कान्हा काकांनी डबा इतका हळुवार खाली ठेवला की एकाही फरशीला तडा गेला नाही. सितारामच्या रिपोर्टात तसं लिहिलेलंही आहे: मालाला इजा नाही. सर्वेअरचा रकाना त्या फॉर्मात नसतो.

मनस्वीला या यार्डात लागून पाच महिने झाले होते. सारसोळ्याची पोरगी, खारघरच्या कॉलेजातून इंग्रजी घेऊन बीए झालेली. सहा महिने संपले की कायम होण्याचं पत्र मिळणार होतं. ही नोकरी तिला लागली ती कान्हा काकांच्या शब्दावर. काका तिच्या वडिलांचे चुलतभाऊ, घर दोन गल्ल्या पलीकडे. बावीस वर्षं मशीनवर बसलेल्या माणसाने ऑफिसात जाऊन "आमची पोर हुशार हाय, फटाफट इंग्लिश बोलते" एवढंच सांगितलं आणि तिचा अर्ज ढिगातून वर आला.

पहिले चार महिने तिच्याकडे नुसती कागदपत्रं होती आणि वॉकीवरचं सगळं काम मराठीत चालायचं, म्हणजे आपल्या आगरी मराठीत. पण यार्डाला एक नवी परदेशी पार्टी मिळाली आणि पार्टीला सगळे हुकूम इंग्रजीत, छापील आणि ठरलेले हवे होते. मॅनेजर शौनक सर खारघरच्या बाविसाव्या मजल्यावर राहायचे आणि खाली उतरले तरी उंची सोडायचे नाहीत. माणूस वाईट नव्हता, पण त्यांनी कुठेतरी दोन दिवसांचं ट्रेनिंग केलं होतं आणि ते ट्रेनिंग अजून अंगातून उतरलं नव्हतं. "मुख्य मुद्दा आधी," ते म्हणायचे. "कधी, का, जर, तर हे सगळं नंतर. ऐकणाऱ्याला पहिल्या सेकंदात कळलं पाहिजे काय करायचंय." मनस्वीने त्याबरहुकूम बत्तीस वाक्यं लिहिली. प्रत्येक वाक्यात आधी काम, मग त्याची अट. शौनक सरांनी त्यांची कार्डं छापली, लॅमिनेट केली, गळ्यात अडकवायला नाड्या लावल्या. अक्षराचा टाइपसुद्धा स्वतः निवडला.

कार्डं आली त्याच आठवड्यात एका ड्रायव्हरच्या अंगावर डाळ सांडली. 'ड्रायव्हर उतरला की डबा ट्रेलरवर ठेवा' असा हुकूम होता, पण इंग्रजीत 'ठेवा' आधी आलं आणि काकांनी ठेवला. ड्रायव्हर केबिनमध्येच जेवत बसला होता. तेव्हा सगळे हसले, ड्रायव्हर सोडून. सिताराम वर गेला तेव्हा मात्र कुणी हसलं नाही, निदान ऑफिसात तरी नाही.

शौनक सरांनी मनस्वीला रिपोर्ट लिहायला सांगितला. तिने लिहिला. 'हुकूम पूर्ण होण्याआधीच ऑपरेटरने डबा उचलला.' यात एकही अक्षर खोटं नव्हतं आणि याच गोष्टीवर ती मनाची समजूत घालत राहिली. काका पूर्ण ऐकतच नाहीत त्याला ती काय करणार? रिपोर्ट वर गेला आणि दोन दिवसांत उत्तर खाली आलं. पुढच्या एक तारखेपासून कान्हा काका मशीनवरून उतरणार आणि गेटवर बसणार. गाडी आली की दांडा वर, गाडी गेली की दांडा खाली.

त्या संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये काका नेहमीसारखे तिच्या शेजारी बसले. रिपोर्ट कुणी लिहिला ते त्यांना ठाऊक होतं. यार्डात अशी गोष्ट चहाच्या आधी पोचते. त्यांनी पुडीतले चणे तिच्यापुढे केले.

"गेटवर सावली असते म्हनं," ते म्हणाले. "पंखा पन हाय."

मनस्वीने चणे घेतले आणि मुठीतच धरून ठेवले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. बावीस वर्षं ज्या हातांनी काचेची खोकीसुद्धा न फोडता उतरवली, ते हात आता बांबूच्या दांड्याशी खेळणार, आणि वर हा माणूस पंख्याचं कौतुक सांगतोय.

रविवारी सकाळी ती सारसोळ्याच्या जेट्टीवर गेली. हेतू उदात्त होता. काकांना समजावायचं की शेवटपर्यंत ऐका, मग हात हलवा. शुक्रवारी पार्टीची माणसं पाहणीला येणार आहेत, तेव्हा एकदा नीट करून दाखवलंत तर मी सरांशी बोलते. सुट्टीच्या दिवशी काका आणि शांती काकी आपली छोटी होडी घेऊन खाडीत जायचे, घरच्या कालवणापुरते मासे आणायचे. मनस्वी पोचली तेव्हा होडी सुटायच्या बेतात होती.

"बोलायचा हाय ना? बस होरीत," काका म्हणाले. "उभ्या उभ्या काय बोलतस?"

ती ऑफिसचे बूट घालून होडीत बसली. शहाण्या माणसाने तिथेच थांबायला हवं होतं, पण ती बत्तीस वाक्यांची लेखिका होती. होडी किनाऱ्यापासून थोडी आत गेली. काका वल्ही मारत होते, काकी पुढच्या टोकाला जाळ्याचा ढीग मांडीपाशी घेऊन बसली होती, तोंडाने शेजारणीच्या सुनेबद्दल काहीतरी सांगत होती. काकांनी पाण्याकडे पाहिलं आणि आवाज दिला.

"होरी थांबली, पानी कललं, दोरी मोकली, जाल सोर!"

'सोर' कानावर पडलं त्याच क्षणी काकीचे हात उघडले आणि जाळं सरसरत पाण्यात गेलं. सुनेची गोष्ट मध्ये तुटलीसुद्धा नाही. मनस्वी पाहत राहिली. मग तिने आपलं व्याख्यान सुरू केलं. काका, हुकूम आला की शेवटपर्यंत ऐकायचं, घाई करायची नाही, डोकं शांत ठेवायचं. काका मान डोलवत होते. जाळं ओढून झालं, चार बोयटं मिळाली, काकीने जाळं परत रचून ठेवलं.

"तुना येवरा येते ना हुकूम सोराला," काका म्हणाले, "मंग आता तू तांडेल. तू सांग, काकी सोरल."

तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख. मनस्वीला ही बढती आवडली. ती उभी राहिली, घसा साफ केला आणि कार्डांच्या सवयीने, मुख्य मुद्दा आधी ठेवून मोठ्याने म्हणाली, "काकी, जाळं सोड, होडी थांबली आणि माझा पाय दोरीतून—"

पुढचं वाक्य तिने पाण्यात पूर्ण केलं. होडी अजून चालत होती, जाळं गेलं, जाळ्यामागून दोरी गेली आणि दोरीच्या वेटोळ्यात मनस्वीचा उजवा पाय होता. ओहोटीचं पाणी कमरेएवढंच, पण खालचा चिखल गुडघ्याएवढा आणि त्याला सोडायची मुळीच घाई नव्हती. ती बाहेर आली तेव्हा एक बूट खाडीने ठेवून घेतला होता आणि केसात एक छोटी कोळंबी होती.

"काकी!" ती ओरडली. "मी पूर्ण बोलले पण नव्हते!"

"अगो, सोर बोललीस ना? सोरला," शांती काकी शांतपणे म्हणाली आणि तिच्या केसातली कोळंबी काढून टोपलीत टाकली. कालवणात ती चालते.

काका हसता हसता वल्ह्यावर वाकले होते. त्यांचं हसू आटपल्यावर त्यांनी तिला हाताला धरून वर घेतलं, आपला पंचा दिला. मनस्वी नखशिखान्त चिखल होऊन बसली.

"काका," ती शेवटी म्हणाली, "तुमी पन असंच करता? मशीनवर?"

"मंग कसा करनार? धा वर्सांचा होतू तवापासून बापाच्या होरीवर." ते वल्हं मारत होते, तिच्याकडे बघत नव्हते. "आमचा तांडेल आधी समदा सांगतो. वारा कुठला, पानी कसा, कोनाचा पाय कुठं हाय. शेवटाला सोर बोलतो. सोर आयला म्हंजे समदा ऐकून झाला. मंग कसाला थांबायचा? थांबला तो बुरला." वल्हं उचलून ते पुन्हा बोलले. "तुझ्या इंग्लिशमंदी लिफ्ट बोलली का माझा हात जातो. फुडचा मना ऐकू येतो गो, पन तवा डबा वर असतो."

मनस्वीने पंचा डोक्यावर ओढून घेतला. चिखलामुळे रडणं फारसं कुणाला दिसणार नव्हतं. तिला स्वतःची खरी लाज वाटली. काका शेवटपर्यंतच ऐकत आले होते, जन्मभर. शेवट पहिल्या जागी नेऊन ठेवला होता तिने, आणि त्याचा रिपोर्टही तिनेच लिहिला होता.

सोमवारी ती शौनक सरांच्या टेबलापुढे उभी राहिली. सगळी बत्तीस वाक्यं तिने उलटून आणली होती. इंग्रजीच ठेवलं होतं, फक्त अट आधी आणि काम शेवटी. सर्वेअर बाहेर आल्यावर, उचला. ड्रायव्हर उतरल्यावर, ठेवा. इंग्रजीला तसंही चालतं. तिचं व्याकरणाचं पुस्तक दोन्हीला सारखेच मार्क देत होतं. सरांनी कागद वाचला आणि कार्डाकडे पाहिलं. कार्ड गुळगुळीत होतं, चकचकीत होतं, कोपरे गोल कापलेले होते.

"मनस्वी, हे हेड ऑफिसने पास केलंय," ते म्हणाले. "दोनशे कार्डं आहेत. आणि आपण एका ऑपरेटरसाठी इंग्लिश बदलायचं?"

"सर, माझंच चुकलं होतं, म्हणजे त्या दिवशी काय झालं की कार्ड नवीन होतं, आणि तुम्ही सांगितलं होतं की, आणि मलाही वाटलं की—"

"रिपोर्ट तूच लिहिलायस ना? गेलाय तो वर." ते जरा मऊ आवाजात बोलले. "तुझं पत्र माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. शुक्रवारची पाहणी नीट पार पडू दे, संध्याकाळी देतो. कान्हाचं वाईट वाटतं मलाही. पण सिताराम पडला असता तर?"

सिताराम खरंच पडला असता, हे तिलाही ठाऊक होतं. ती कागदाची घडी घालून बाहेर आली.

शुक्रवारी पार्टीतर्फे शर्मिला मॅडम आल्या. पांढरं हेल्मेट, हातात फाइल, बोलणं कमी. प्रात्यक्षिकाला कान्हा काकाच होते, कारण दुसरा ऑपरेटर मेव्हण्याच्या हळदीला गेला होता आणि आगरी हळदीला गेलेला माणूस तीन दिवस मागायचा नसतो. कार्ड क्रमांक चौदा, तेच सर्वेअरचं. आत मोजणी करायला सिताराम. त्याने आत जायच्या आधी डब्याला नमस्कार केला आणि गळ्यात एक शिट्टी अडकवली. शिट्टी त्याने स्वतः आणली होती.

केबिनमध्ये मनस्वी, तिच्या एका बाजूला शौनक सर, दुसऱ्या बाजूला मॅडम. सरांनी कार्डावर बोट ठेवलं. मनस्वीने वॉकीचं बटण दाबलं. समोर काचेपलीकडे काकांचं मशीन, डबा पकडलेला, डब्यात सिताराम, तोंडात शिट्टी.

"आफ्टर द सर्वेअर कम्स आउट," ती म्हणाली आणि थांबली. मशीन हललं नाही. सिताराम घाईघाईने बाहेर आला, पळत चार ट्रक ओलांडून गेला आणि तिथून त्याने शिट्टी वाजवली. "लिफ्ट द बॉक्स," मनस्वी म्हणाली. डबा अलगद वर गेला.

मॅडमनी कार्ड उचलून पाहिलं. "कार्डावर उलटं आहे."

"हो, ते जरा ऑपरेटरमुळे," शौनक सर लगेच म्हणाले. "त्याचं इंग्लिश कच्चं आहे. मागे एक प्रकार झाला होता, रिपोर्ट फाइलमध्ये आहे. एक तारखेपासून आम्ही त्याला गेटवर हलवतोय."

मॅडमनी फाइल उघडली आणि रिपोर्ट मोठ्याने वाचला. मग मनस्वीकडे पाहिलं. "हे तुम्ही लिहिलंय? ऑपरेटरने पूर्ण हुकूम ऐकला नाही?"

"मॅडम, त्याचं असं आहे," मनस्वीने सुरुवात केली. "त्या आठवड्यात कार्डं नवीनच आली होती, आणि ट्रेनिंगमध्ये आम्हाला सांगितलं होतं की मुख्य मुद्दा आधी, आणि मी इंग्रजीची असल्यामुळे, आणि आधीची पद्धत मला कुणी दाखवली नव्हती म्हणून, आणि शिवाय त्या दिवशी तीन गाड्या खोळंबल्या होत्या, त्यामुळे जर—"

मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं. शौनक सर कौतुकाने मान हलवत होते. पोरगी बरोबर सांभाळून घेतेय, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. आणि मनस्वीला स्वतःचंच बोलणं ऐकू आलं. एकेक कारण नीट लावलेलं, एकामागे एक, आणि त्यांच्या मागे ती स्वतः कुठेच नव्हती. अजून चार कारणं लावली तर कुणी विचारणारही नाही. संध्याकाळी पत्र मिळेल. काचेपलीकडे काका डबा हवेत धरून बसले होते, पुढच्या हुकमाची वाट पाहत.

तिने वॉकी तोंडाशी नेला आणि बटण दाबलं. हे चॅनल सगळ्यांचं. तिथे बोललेलं गेटवर, कँटीनमध्ये, प्रत्येक मशीनवर ऐकू जातं.

"कान्हा काका," ती म्हणाली, "चूक माझी होती. तुमची नव्हती."

पुढे कारणं होती. सगळी खरी होती आणि जिभेवर रांगेत उभी होती. तिने बटणावरून अंगठा काढला.

खाली एका ट्रकचं इंजिन बंद झालं, कँटीनवाला दारात येऊन वर बघू लागला. शर्मिला मॅडमनी पेनाचं टोपण काढलं आणि रिपोर्टातल्या ओळीवर आडवी रेघ मारली.

"मग गेटवर कोण बसणार आहे?" त्यांनी शौनक सरांना विचारलं.

शौनक सरांनी कार्डाकडे पाहिलं, मनस्वीकडे पाहिलं आणि खिशातला रुमाल काढून हेल्मेटखालचं कपाळ पुसलं. कायम होण्याचं पत्र मात्र त्या संध्याकाळी ड्रॉवरमधून निघालं नाही, पण ती नंतरची गोष्ट.

वॉकी खरखरला. काकांचा आवाज आला, जरा घोगरा.

"ऐकला गो पोरी. आता यो डबा कुठं ठेवू ता सांग, हात भरून आयला."